बाण क्रमांक एक्केचाळीस

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
डोंगरवाटा व परवाने कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्र. ९.

विषय : बसक्या धोंड्यावरील बाण क्र. ४१ येत्या सोमवारपूर्वी काढून टाकण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांस आलेली तीन उत्तरे.
२) आपली नोटीस : ‘शासकीय दिशेविरुद्ध मार्गदर्शन केल्याने परवाना निलंबित’.

महोदय,

सविनय वगैरे मागील तीन अर्जांत लिहून झाले आहे. या अर्जात विनय कमी भरल्यास तो त्या तिन्हींतून वळता करून घ्यावा.

१. अर्जदार ही बावीस वर्षे परवानाधारक वाटाडी असून उन्हाळ्यात पायी येणाऱ्यांना व हिवाळ्यात दोराने चढणाऱ्यांना याच डोंगरावर नेते आणि परत आणते. आपल्या टेबलावरील नकाशात ज्याला ‘मार्ग क्र. २’ म्हटले आहे, त्या प्रत्यक्षात दोन वाटा आहेत. शेवटच्या निवाऱ्यापासून तासभर चढले की बसका धोंडा लागतो. तिथून डावीकडे घळ, उजवीकडे डोंगराची उघडी सोंड. उन्हाळ्यात आणि पानगळीत घळीने जावे. सावली असते, पायाखाली माती पक्की असते, दीड तासात माणूस माथ्यावर. बर्फ पडले की मात्र सोंडेनेच जावे. वारा कान कापून नेतो, तीन तास मोडतात, पण माणूस घरी येतो. कारण वरच्या उतारावर साठलेले सगळे बर्फ शेवटी घळीतच उतरते. अर्जदाराच्या वडिलांनी हे तिला ती दहा वर्षांची असताना सांगितले होते आणि तिला ते एकदा सांगून कळले होते.

२. बसक्या धोंड्यावर खांद्याइतक्या उंचीवर लाल बाण आहे. तो बारा महिने डावीकडे दाखवतो. तो कोणी रंगवला, हे नोटिशीत विचारलेले नाही. तरी सांगणे भाग आहे. तो अर्जदाराने काढला. अकरा वर्षांपूर्वी, जून महिन्यात, आपल्याच कार्यालयाच्या हुकमावरून पायथ्यापासून माथ्यापर्यंत चौसष्ट बाण तिने एकटीने रंगवले. खाली ‘फक्त उन्हाळ्यात’ असे लिहू का, असे तिने तेव्हाच्या साहेबांना विचारले होते. साहेब म्हणाले, बाण म्हणजे बाण, त्याला ऋतू नसतो. हातात रंगाचा डबा होता, ऊन छान पडले होते, अर्जदार गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला आजही लाज वाटते.

३. इतकी वर्षे काही झाले नाही, कारण हिवाळ्यात धोंडाच बर्फात गाडला जाई व बाण कोणाला दिसत नसे. गेले तीन हिवाळे वारा धोंड्यावर बर्फ ठरू देत नाही. घळ मात्र पूर्वीसारखीच भरते. नेमक्या याच काळात आपण वाटाड्याशिवाय परवाने देऊ लागलात, आणि त्या परवान्यांच्या पाठीवर छापलेत : ‘बाणांच्या मागे जा.’

४. गेल्या मार्चमध्ये एक नवरा-बायको बाणाच्या मागे गेले. अर्जदाराचा धाकटा भाऊ, तोही वाटाड्या, सहा जणांना घेऊन सोंडेवरून उतरत होता. घळीत दोघे दिसताच तो जीव तोडून ओरडला. त्यांना वाटले कोणी ओळख दाखवतो आहे. त्यांनी हसून हात हलवले. मग त्याने आपल्या सहा जणांना एका कपारीत बसवले, जागचे हललात तर याद राखा असे बजावले, आणि स्वतः घळीत उतरून त्या दोघांना अक्षरशः ढकलत कडेला काढले. तेवढ्यात वरचे बर्फ सुटले. ते दोघे वाचले. भाऊ छातीपर्यंत गाडला गेला आणि त्याचा डावा पाय बर्फाबरोबर आलेल्या दगडाखाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. आता तो घरी पुढच्या खोलीत बसून इतर वाटाड्यांचे दोर तपासतो, आणि अर्जदार दिसली की म्हणतो, “ताई, बाण तू काढलास आणि लागला मला!” तो हसतो. अर्जदाराला हसू येत नाही.

५. आता आपल्या उत्तरांबाबत. पहिल्या अर्जावर आपण बाणामुळे इजा झाल्याचा दाखला मागितला. दवाखान्याचा कागद जोडला असता, त्यात ‘दगड’ असा उल्लेख आहे, ‘बाण’ असा नाही, म्हणून तो अमान्य केला. दुसऱ्या अर्जावर आपण निरीक्षक पाठवले. ते ऑगस्टमध्ये आले! घळीत गार सावलीला बसून त्यांनी डबा खाल्ला, दीड तासात माथा गाठला आणि शेरा मारला : ‘बाण बरोबर आहे.’ ऑगस्टमध्ये तो बरोबरच असतो, महोदय. अर्जदाराची तक्रार तीच आहे. तिसऱ्या अर्जाचे उत्तर तर तिने देवघरात लावावे असे आहे. बाण हे जडसंग्रह नोंदवहीत ‘चौसष्ट नग’ असे नोंदलेले असल्याने एक पुसल्यास त्रेसष्ट उरतील व तपासणीत जाब कोण देणार, असे त्यात विचारले आहे. वर, हानीबद्दल कागद पुरेसा नसून पुरावा वस्तुरूपात सादर करावा, असेही फर्मावले आहे.

६. तेव्हा अर्जदाराने बाणाला गोणपाटाची खोळ शिवून घातली. आपल्या पहारेकऱ्याने ती ‘अनधिकृत आवरण’ म्हणून जप्त केली. मग अर्जदार स्वतःच धोंड्यापाशी जाऊन उभी राहू लागली व येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून उजवीकडे वळवू लागली. सतरा दिवस ती उभी होती. बोटे बधिर झाली, नाक सोलून निघाले, पण त्या सतरा दिवसांत एकही माणूस घळीत गेला नाही. अठराव्या दिवशी संदर्भ क्र. २ ची नोटीस आली. बाण डावीकडे दाखवत असता अर्जदाराने लोकांना उजवीकडे पाठवले, हा तिचा अपराध. बावीस वर्षांत एकही माणूस न गमावलेल्या बाईचा परवाना आपण माणसे वाचवल्याबद्दल काढून घेतलात. खोली क्र. ९ मध्ये बसून असले काही सुचते तरी कसे, याचे अर्जदाराला खरोखर नवल वाटते.

७. इथवर ‘अर्जदार’ असे लिहीत आले, कारण ‘मी’ असलेला अर्ज आपला आवक कारकून परत करतो. पुढचे मात्र मी केले आहे, तेव्हा मीच लिहिते.

या आठवड्यात जुन्या कडक थरावर हातभर नवे बर्फ पडले आहे. सोमवारपासून आपण वाटाड्याशिवाय चाळीस जणांना सोडणार आहात. अर्जाला उत्तर देण्याची आपली मुदत तीस दिवसांची आहे. घळीला ही मुदत कोणी कळवलेली नाही.

म्हणून आज सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन मी वर गेले. छिन्नीला धार भावाने लावून दिली. बाण निघायला दोन तास लागले. रंगाचे तीन हात मीच दिले होते, तेव्हा काम चोख करण्याची भारी हौस होती. धोंड्यावर आता कुठलीच खूण नाही. उजवीकडे दाखवणारा नवा बाण मी रंगवला नाही, कारण जूनमध्ये तोही चुकेल आणि तुम्ही तोही नोंदवहीत चढवाल. तिथे बाण नको, वाट ओळखणारा माणूस उभा करा.

नोंदवहीत त्रेसष्ट लिहा. चौसष्टावा कुठे गेला, असे कोणी विचारले तर माझा परवाना क्रमांक सांगा. खटला भरायचा असेल तर खुशाल भरा. समन्स बजावायला माणूस पाठवाल, तर सोमवारी मी घरी नसेन. तो धोंड्यापर्यंत आला तर भेटेन, आणि त्यालाही सोंडेवरूनच नेईन.

उत्तराची वाट न पाहणारी,

(सही)
वाटाडी, परवाना क्र. ३१ (निलंबित)
दि. ५ मार्च

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. तीन उत्तरांच्या प्रती.
३. वस्तुरूप पुरावा : धाकट्या भावाचा डावा बूट, एक नग. बाण क्र. ४१ चे तुकडे त्यातच भरले आहेत. दोन्हींची नोंद घेऊन पोच द्यावी. उजवा बूट त्याला लागतो, म्हणून पाठवलेला नाही.