टू-सीटरची दुसरी सीट

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं. परदेशात म्हणे जुन्या गाडीची फाईल असते, काय बदललं, कधी बदललं, सगळं. ही माझ्या गाडीची फाईल. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. आण्णांनी तर नाहीच.

गाडी: टू-सीटर, उघड्या टपाची, फायबर बॉडी. रंग एकेकाळी लाल. वयानं माझ्याहून मोठी. शिर्डीत एका लॉजच्या मागं उभी होती, कोंबड्या बसायच्या तिच्यात. बुलेट देऊन आणली. आण्णा म्हणाले, रविराज, चालती दिली आन् बसती आणली, शाब्बास. व्हिजन नसलेल्या माणसाला काय उत्तर देणार.

कॉलेज सुटलं हा विषय या फाईलमध्ये येणार नाही. मी वर्कशॉपच्या सरांना जे बोललो ते खरं होतं. मोठ्यानं बोललो, एवढंच.

निर्धार: चौदा तारखेला गाडी रोडवर. शेजारच्या सीटवर दिशा.

दिशा म्हणजे बारावीतली दिशा. तिनं पुढं जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा केला. आता राहात्याला दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली असते, स्कूटीवर वस्त्या-वस्त्या फिरते. बारावीत असताना एकदा गेटसमोरून उघडी जीप गेली, तेव्हा म्हणाली होती, भारी वाटत असेल ना अशात बसून. माझ्याकडं बघून म्हणाली. म्हणजे माझ्या बाजूला बघून. जे कळायचं ते मला तेव्हाच कळलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी गोठ्यात घेतली. फायबरला ऊन सोसत नाही. आण्णांनी गाया गेल्या वर्षीच विकल्या, आता एकटी हरणी आहे. कालवड. मामानं भाऊबीजेला आईला ओवाळणीत घातलेली. एका वासराला एवढा मोठा गोठा, ही जागेची नासाडीच आहे. हरणीला बाहेर लिंबाखाली बांधलं.

आई म्हणाली, तिला ऊन लागत न्हाई का? मी म्हटलं, तिचा रंग उडत नाही. आई म्हणाली, ती व्याली की माझ्या हातात माझं काहीतरी येईल, म्हातारपणी तुमा दोघा बापलेकांच्या तोंडाकडं बघायला नको. हे ती दिवसातून दोनदा म्हणते.

८ फेब्रुवारी, रविवार

आज मोठं काम. स्प्रिंग ग्राइंडरनं कापून गाडी खाली बसवली. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून पाहिजे.

राहात्याचे बिभीषण मिस्त्री पुढच्या चाकाचं बेअरिंग बसवायला आले होते. बघून म्हणाले, पोरा, आपल्याकडं रोड थोडा आन् पाटाच्या चाऱ्या जास्त. उद्या पोट घासंल. मी म्हटलं, मिस्त्री, तुमचं आयुष्य टेम्पोत गेलं, ही वेगळी चीज आहे. ते म्हणाले, व्हय, टेम्पो चालतो. माझ्या हातात पाना होता, तो मी भिंतीवर फेकला. त्यांच्यावर नाही, भिंतीवर. तरी ते चहा न घेता गेले. लोकांना राग फार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अजून इंजिन लावायचं नाही, नुसती ढकलून ट्रायल घेतली. वस्तीच्या तोंडाशी जी चारी आहे तिच्यावर गाडी पोटावर बसली. चारही चाकं हवेत म्हणायला हरकत नाही. अमृतनं, म्हणजे चुलतभावानं, ट्रॅक्टरनं ओढली. ओढता ओढता व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, आमच्या भावाची होडी. त्याला ब्लॉक केलं. समोरच्याच घरात राहतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गाडी रेडी नाही. बरंच झालं. हा दिवस आपल्या संस्कृतीतला नाहीच. पाडव्याला काढू. पाडव्याला वाहनाची पूजा होते, दिशाच्या घरच्यांनाही पटेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीच्या बोनेटचा फोटो स्टेटसला टाकला. दिशानं बघितला. उत्तर नाही. शहाणी मुलगी आहे, लगेच उत्तर देऊन स्वतःला स्वस्त करत नाही.

सायलेन्सर कापला. आवाज भारी. इंजिन मात्र पाच मिनिटांत तापतं. आवाजानं हरणी दावं तोडून उसात पळाली. आई दुपारभर तिला शोधत होती. मी गेलो असतो, पण हात ग्रीसचे होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिन तापण्याचं कारण सापडलं. जुन्या मालकानं रेडिएटरमध्ये साधं बोअरचं पाणी भरलं होतं! मी कूलंट आणलं, हिरवं, गार, बघूनच गारवा वाटावा असं. नीट भरलं. मिस्त्रींना फोन केला (मोठं मन मी दाखवलं). ते म्हणाले, निम्मं पाणी घाल त्यात, नुसतं घालू नको, तापंल. मी म्हटलं, पाणी घालायची सवय मला नाही, दूध विकत नाही मी. त्यांनी फोन ठेवला.

९ मार्च, सोमवार

आज इंजिन सलग चाललं. नंतर उकळलं. रेडिएटरच्या टोपीतून वाफ आली, काटा लाल रेषेच्या पलीकडं. कूलंटमध्ये भेसळ असणार. या देशात शुद्ध काही मिळत नाही.

सगळं काढून टाकायचं ठरवलं. खाली धरायला काही नव्हतं. आई आंघोळीची बादली देत नाही, मागच्या वेळी ऑइलची केली होती म्हणून. शेवटी हरणीची पेंडीची पाटी घेतली, रेडिएटरखाली सरकवली आणि नळी सोडली. पाटी भरत आली होती, तेवढ्यात रोडला स्कूटीचा आवाज. ओळखीचा. हात पुसत पळालो. दिशा नव्हती, पोस्टमन होता. त्याला स्कूटी कशाला लागते कळत नाही. त्याच्याशी जरा वाद झाला.

परत आलो तर हरणी सुटून गोठ्यात आलेली. पाटी रिकामी, आणि ती पाटी चाटत होती. थोडं सांडलं असेल, थोडं जमिनीनं ओढलं असेल. तिला हाकललं, पाटी स्वच्छ धुतली. काम स्वच्छ पाहिजे.

१० मार्च, मंगळवार

सकाळी हरणी झोकांड्या खात होती. पाय एकीकडं, मान एकीकडं. आण्णा हसले, म्हणाले, हिला कुणी पाजली? आई हसली नाही. तिनंच दवाखान्यात फोन लावला.

आणि दिशा आली! आमच्या घरी, आमच्या अंगणात, माझ्या गाडीपासून दहा पावलांवर. डॉक्टर मीटिंगला गेलेले, ती एकटी. मी आत जाऊन निळा शर्ट घालून आलो.

तिनं डोळे बघितले, पोटाला कान लावला. विचारलं, मावशी, काही वेगळं खाल्लंय का हिनं? रंग, फवारणीचं औषध, युरिया? आई म्हणाली, न्हाई बाई, चारा-पेंड, दुसरं काय. मग दिशानं माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं, बाजूला नाही. म्हणाली, रविराज, तुला काही दिसलं का?

आता काय सांगायचं? गाडी दाखवायच्या आधीच गाडीचं असं सांगायचं? मी म्हटलं, शेजारच्या रानात गेली होती, कोवळी ज्वारी खाल्ली असेल, तीच बाधली असेल. हे खोटं नाही. मागच्या महिन्यात गेलीच होती. आणि कूलंटनंच झालं असं कुठं लिहिलंय? गोड पाण्यासारखं तर असतं.

दिशा म्हणाली, हं, मग ज्वारीचीच बाधा धरू. त्यावरचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावायला काढलं. बाटली टांगायला काही नव्हतं. गाडीकडं बघून म्हणाली, ही कुणाची? मी म्हटलं, माझी, मॉडिफाय करतोय. ती म्हणाली, बरी उंचीला आहे, हिला इकडं आण. हरणीला तिथं ओढत आणलं आणि सलाईनची बाटली गाडीच्या काचेच्या फ्रेमला बांधली. दिशाचा हात माझ्या गाडीला लागला. एवढं खरं.

जाताना म्हणाली, लघवी केली की मला फोन करा, मावशी. नाही केली तरी करा.

११ मार्च, बुधवार

हरणी उठत नाही. लघवी नाही. आईनं रात्र तिथंच काढली. मला म्हणाली, तू झोप, तुला काम असतंय. टोमणा नव्हता तो, म्हणून जास्त लागला.

डॉक्टर आले, दिशा बरोबर. डॉक्टर म्हणाले, ही ज्वारी न्हाई, किडनी बसलीय हिची. काहीतरी पोटात गेलंय. दिशानं मला बाजूला घेतलं. (पहिल्यांदाच बाजूला घेतलं. असं बाजूला घेणं मी धरलं नव्हतं.) म्हणाली, अजून एकदा आठव. काहीही असू दे. मी म्हटलं, आठवून सांगतो.

फोन हातात धरून संध्याकाळ झाली. सांगणार होतो. पण ती म्हणेल, ज्याला एक पाटी सांभाळता येत नाही तो माझ्याशी काय संसार करणार. उद्या सांगतो. उद्या डोकं शांत असेल.

१२ मार्च, गुरुवार

हरणी गेली. सकाळी, आई तोंडाला पाणी लावत असताना.

आण्णांनी आणि अमृतनं बांधाला खड्डा खणला. मीही खणला. अमृतनं आज चिडवलं नाही. आईनं हळदकुंकू वाहिलं, कपाळावर हात ठेवला. रडली नाही. मामाचा फोन आला तर त्याला म्हणाली, तिचं आयुष्यच तेवढं हुतं, दादा.

गाडीला आज हात लावला नाही. आण्णा म्हणाले, का रं, सुट्टी? मी काही फेकलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आईला सांगायचं ठरवलं. चुलीपाशी बसलो. म्हटलं, आई, हरणीनं त्या दिवशी. ती म्हणाली, ठाव हाय.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हरणीच्या तोंडाला, हनुवटीला हिरवं लागलेलं तिनं सकाळीच बघितलं. गाडीतलं काहीतरी, एवढं कळलं. दिशाची स्कूटी वळणावर दिसली तेव्हा आईनं पदरानं हरणीचं तोंड पुसून काढलं.

मी म्हटलं, का? मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज तसाच निघतो. ती म्हणाली, त्या पोरीसाठीच चाललंय ना हे सगळं, मला काय दिसत न्हाई का? घरात पहिल्यांदा पाय टाकत हुती. तिच्यासमोर तुझी शोभा नको म्हनलं. मला वाटलं रंगबिंग असंल, दोन दिवस जुलाब हुतील.

मग भाकरी उलटली. म्हणाली, तू तरी सांगायचं हुतं. तुला तर ठाव हुतं काय हाय ते.

मला माहीत नव्हतं. कूलंट विषारी असतं हे मला... डब्यावर कवटीचं चित्र होतं. लहान होतं.

१६ मार्च, सोमवार

चालत दवाखान्यात गेलो. दिशा एका शेळीला पट्टी बांधत होती. शेळीवाला जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. पाटी, पोस्टमन, सगळं. आईनं पुसलं ते सांगितलं नाही. ते माझ्याच नावावर घातलं, म्हटलं, मी पुसलं.

तिनं हातमोजे काढले. म्हणाली, गोड लागतं ते जनावराला. पाटीला पेंडीचा वास, मग काय, सगळं प्यायली असणार. पहिल्या सकाळी मला कळलं असतं, तर डॉक्टरांना विचारून दारूवर धरून ठेवता आली असती. अरे, देशीची बाटलीसुद्धा चालते त्या विषावर उतारा म्हणून, तुमच्या फाट्यावर मिळते. वाचलीच असती असं नाही म्हणत. पण मी ज्वारीचं इंजेक्शन देत बसले, रविराज. मला वाटत होतं माझंच चुकलं. चार दिवस मी पुस्तकं उलटतेय.

हे मला सुचलंच नव्हतं. की तिलाही काही वाटत असेल.

ती म्हणाली, पण बोलला का नाहीस? एवढं तोंड उघडायचं होतं. मी म्हटलं, तुझ्यासमोर कसं. ती म्हणाली, माझ्यासमोर म्हणजे?

मी तिच्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. जीप नाही, स्टेटस नाही, काही नाही. मी म्हटलं, म्हणजे शिकलेल्या माणसासमोर. ती म्हणाली, येडा आहेस का तू?

बाहेर येताना तिनं हाक मारली. पळतच वळलो. म्हणाली, पुढच्या आठवड्यापासून गावोगाव पशुपालकांची शिबिरं आहेत, तिथं हे सांगते. ट्रॅक्टरचं, गाडीचं असलं पाणी लोक कुठंही ओततात, कुणाला कल्पना नसते. तुझी हरकत नाही ना?

नाही म्हटलं.

म्हणजे आता दिशा माझ्याबद्दल बोलणार आहे. अख्ख्या तालुक्यात, माईकवरून.

नाव घेणार नाही म्हणाली.