पश्चिमेची भिंत

जालना, ११ एप्रिल

ती. मामांना,
सुमेधाचा सा. न. व जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर बोलून भागतं तर पत्राचा हट्ट कशाला, असं आई विचारत होती. चाळीस वर्षं धावड्यात दारोदार दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता चार माझ्याही नावाने येऊ द्या, हे तुमचं म्हणणं मी तिला ऐकवलं. मंग लिही बाई, न्हाई तर माझा भाऊ रुसून बसंल, असं म्हणून तिनेच पेन शोधून दिलं.

बातमी अशी की विद्यापीठातलं आमचं क्रीडा व आरोग्य केंद्र पुरं होत आलं. पोरापोरींनी खेळावं, व्यायाम करावा, मन थाऱ्यावर नसेल तेव्हा कुणाशी तरी बोलावं, यासाठी ही जागा. तुम्ही सारखं विचारता म्हणून नीट सांगते. पायासाठी खणलेली माती आम्ही फेकली नाही, तिच्याच विटा दाबून केल्या. न्हाणीघरांचं पाणी गाळून बाहेरच्या कडुनिंबांना जातं. मोठ्या हॉलला एसी नाही की कूलर नाही. पश्चिमेच्या भिंतीत गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत विटांची जाळी आहे आणि तिच्याबाहेर पाण्याचं उथळ कुंड. वारा पाण्यावरून गार होऊन जाळीतून आत येतो, आणि आतली गरम हवा छतावरच्या दोन उंच धुराड्यांतून निघून जाते. सगळा खेळ त्या एका भिंतीचा आहे.

विद्यापीठ चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष राधेश्यामजी माणूस चांगला, पण मे महिन्यात जालन्यात दोनशे माणसं एसीशिवाय बसतील हे त्यांच्या गळी उतरत नाही. त्यांनी हॉलमध्ये तापमापक लावून घेतलाय. ८ मेला उद्घाटन. त्या दिवशी आकडा बत्तीसच्या वर गेला, तर सोमवारी जाळी बुजवून एसी बसवायचे, असं ठरलं आहे. मुलींचं वसतिगृहही मग असं बांधायचं नाही. माझी तीन वर्षं एका सकाळवर येऊन ठेपली आहेत, मामा. मला झोप लागत नाही.

तुम्ही आणि मामींनी यायचंच. पण गाजावाजा करू नका. माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही टपालाच्या फेरीवर पेढे वाटत फिरलात आणि अर्ध्या गावाची पत्रं दुसऱ्या दिवशी पोचली, ते मी विसरले नाही.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची सुमेधा


धावडा, २० एप्रिल

चि. सुमेधास,
मामाचे अ. उ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं. आमच्या नव्या पोस्टमनबाई संध्याताई यांनी हातात दिलं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, कुणाचं आहे. त्यांनी तुझं नाव मोठ्याने वाचलं, पारावरच्या सगळ्यांनी ऐकलं. माझं काम झालं.

तुझी मामी म्हणते, जाळीतून वारा येईल तशा चिमण्याही येतील, त्यांना आधीच विचारून घे. ज्वारीचा कडबा गंजीला लागलाय, पावसाच्या आत त्यावर झाकायला काहीतरी बघायचं आहे. बाकी ठीक.

तू पाठवलेली आमंत्रणपत्रिका तीनदा वाचली, मागूनही बघितली. एकतीस नावं आहेत. जेवण देणाऱ्याचंसुद्धा आहे. तुझं नाही. पुण्याच्या तुझ्या ऑफिसचं आहे, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. नकाशा तू काढलास, उन्हात तीन वर्षं तू उभी राहिलीस. तू म्हणशील, अशीच पद्धत असते. असेल. पण मी जन्मभर पाकिटावरची नावं वाचत आलो, ज्याचं नाव त्याच्या हातात टपाल पडलं पाहिजे एवढंच मला कळतं. मला वाईट वाटलं ते लिहून टाकलं.

एक सांग. फाटकातून आत आलं की समोर कोणती भिंत दिसते, आणि ती किती फूट लांब आहे? सहज विचारतो.

आमची आठवण ठेव, जेवण वेळेवर घे.
तुझा मामा,
संपत


जालना, २८ एप्रिल

ती. मामांना,
सा. न. व जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते आहे. फाटकातून समोर पश्चिमेचीच भिंत दिसते, चाळीस फूट आहे. फोटो काढायचा असेल तर कडुनिंबाखाली उभे राहा, सावलीही मिळेल.

काल दुपारी बाहेर बेचाळीस आणि आत एकतीस होतं. शंभर पोरं बसवून पाहिली. मी एकटीच नाचले, शिपाई बघत होता. नावाचं मनाला लावून घेऊ नका, मला खरंच काही वाटत नाही.

लवकर भेटू.
तुमची सुमेधा


धावडा, ११ मे

चि. सुमेधास,
अ. उ. आ. व जयभीम.

त्या दिवशी तुला न भेटता, न जेवता निघून आलो. रागावली असशील. आज सगळं लिहितो, मग काय शिक्षा द्यायची ती दे.

जुन्या जालन्यात एका दुकानातून मी फ्लेक्स छापून घेतला होता. चाळीस फूट लांब, आठ फूट उंच. मधोमध तुझा फोटो, त्यावर "या इमारतीची शिल्पकार, धावड्याची लेक सुमेधा", आणि खाली शुभेच्छुक म्हणून गावातले एकवीस चेहरे. माझा टोपीतला. सकाळी सातला टेम्पो घेऊन पोचलो. फाटकावरचा साजिद, आष्टीकडचा आहे, आधी आत सोडेना. बांधणारीचा मामा आहे म्हटल्यावर त्यानेच शिडी धरली. वर दोऱ्या, खाली दोऱ्या, बराबर ताणून बांधला. तू बाहेर येशील आणि बघशील, म्हणून मी गप्प होतो. त्या भिंतीसमोर उभा राहून माझी छाती किती फुगली ते सांगता येत नाही.

मग आत मागच्या रांगेत बसलो. भाषणं सुरू झाली आणि माणसं पत्रिकेने वारा घ्यायला लागली. तापमापक चौतीस, मग पस्तीस. सदतीस झाला तेव्हा अध्यक्ष तुझ्याकडे वाकून काहीतरी बोलले आणि तुझी मान खाली गेली. ती मान मी आजवर कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. मामी कानाशी म्हणाली, पोरगी तर म्हणली होती जाळीतून वारा येतो म्हणून. मी शेजारच्या जाळीला हात लावला. वाऱ्याची झुळूक नाही. डोळा लावून पाहिलं, तर पलीकडे पांढरं. माझ्याच फ्लेक्सची पाठ होती ती.

तुझं पत्र दहादा वाचलं होतं, सगळा खेळ त्या भिंतीचा आहे हे पाठ होतं, आणि तीच भिंत मी स्वतःच्या हाताने बुजवली. धावत बाहेर गेलो. गाठी सुटेनात, साजिदच्या कोयत्याने दोऱ्या कापल्या. कुंडात उतरून ओढून काढला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. तुझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून आतल्या बाजूने घडी घातली आणि मामीला घेऊन निघालो. पुढे काय झालं ते पाहायची हिंमत नव्हती.

तुझं नाव लावायला आलो आणि तुझं काम बुडवून आलो. मामीने तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकला आहे, चेहरा खाली करून. उत्तर आलं नाही तरी समजून घेईन.

तुझा चुकलेला मामा,
संपत


जालना, १७ मे

ती. मामांना व मामींना,
सा. न. व जयभीम. वि. वि.

आधी पुढचं सांगते. मी पहाटेपासून आतच होते, आणि सभेत पहिल्या रांगेत भिंतीकडे पाठ करून बसले होते. उजेड कमी झाला तो मला बाहेरच्या मंडपाचा वाटला. माझंच काहीतरी चुकलं, हिशेब चुकला, तीन वर्षं मी लोकांना फसवलं, असं वाटून रडू दाबत होते. एवढ्यात पाठीवर गार झुळूक लागली. वळून पाहिलं तर अख्खी जाळी लख्ख उजळली होती आणि पलीकडे तुम्ही कुंडात उभे, हातात कोयता. मी सगळं ओळखलं. फ्लेक्सवर काय लिहिलं होतं तेवढं तुमचं पत्र येईपर्यंत कळलं नव्हतं.

वीस मिनिटांत तापमापक एकतीसवर आला. माणसांनी पत्रिका खाली ठेवल्या. राधेश्यामजींनी स्वतः जाळीला हात लावून पाहिला, मग मला विचारलं की मघाशी काय झालं होतं. मी खरं ते सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, जाळी बंद केली तर हॉल तापतो आणि उघडली तर गार होतो, याहून चांगला पुरावा मला कुणी दिला नसता. एसीवाल्याला नको म्हणून कळवलंय. मुलींचं वसतिगृह अशाच पद्धतीने होणार, नकाशा मीच काढते आहे. तेव्हा बुडवलं वगैरे पुन्हा लिहू नका. माझ्यासाठी कुंडात उतरणारा माणूस दोनशेंत एकच होता.

नावाचं मला काही वाटत नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. उद्घाटनाची पाटी दरवाजाशी लागली आहे. मी ती दोनदा वाचली, तुमच्यासारखी मागूनही बघितली असती, पण भिंतीत बसवली आहे. माझं नाव नाही.

म्हणून एक काम करा. मामींना सांगा, गंजीवरचा फ्लेक्स उलटा करा, चेहरा वर आणि अक्षरं रस्त्याकडे. जूनमध्ये मी येते आहे. धावड्याच्या फाट्यावर उतरल्या उतरल्या मला माझं नाव वाचायचं आहे.

तोवर कडबा कोरडा ठेवते.
तुमची, गंजीवरची,
सुमेधा