पाळण्याची मोटारसायकल

तोसोर
४ सप्टेंबर २००६

चि. बोलोत यास अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. पण आपला टेलिफोन आईच्या उशाशी आहे आणि ती झोपेतही ऐकते. म्हणून हे मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, सोबत वाळवलेले जर्दाळू. बायकोलाही दे, एकटाच फस्त करू नकोस.

आबांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आता आबा अडून बसलेत. कारण ऐकशील तर कपाळावर हात मारून घेशील. तुझ्या आईने मोटारसायकलबद्दल मला माफ केल्याशिवाय मी टेबलावर आडवा होणार नाही, असं म्हणतात. आईला विचारलं तर ती म्हणाली, कसली मोटारसायकल, मला काही आठवत नाही. आणि किटली अशी आदळली की झाकण उडालं.

तू तेव्हा रांगत होतास. सादिरकुल काका शहरातून पाहुणे आले, आपल्या उरल मोटारसायकलभोवती एक फेरी मारली आणि वा, काय देखणं यंत्र आहे, असं बोलून बसले. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू आपण ठेवून घेत नाही. आबांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. रीत आईलाही कळते. पण त्या गाडीच्या बाजूला जोडलेल्या पाळण्यात, त्या साइडकारमध्ये बसून ती नवरी म्हणून आली आणि दवाखान्याच्या वाटेवर त्याच पाळण्यात मी जन्मले. तेव्हापासून ती आबांशी सगळं बोलते, एवढा विषय सोडून.

काकांनी जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढलंय आणि आपली उरल तिथे आहे, असं तूच म्हणाला होतास. दोघांना तुझ्याकडे पाठवते, तिथे घेऊन जा. एक मात्र बजावते. तिथे कुणी कशालाही चांगलं म्हणायचं नाही. काका आता यजमान आहेत आणि तेही जुन्या वळणाचेच.

आबांची फार काळजी वाटते रे. रात्री त्यांना धाप लागते आणि ते खोकल्याचं निमित्त करतात.

तुझी,
बुरुलताई


बिश्केक
९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
स. न. वि. वि.

जर्दाळू पोचले. बायकोपर्यंत किती पोचले ते विचारू नकोस.

काकांना भेटून आलो. आई येणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, शहरात राहून माझी जीभ सैल झाली होती, तोंडातून शब्द गेला. चावी परत करत होतो तर तुझे आबा असे दुखावले की मुकाट्याने घ्यावी लागली. रोज सकाळी ते आधी आपली उरल पुसतात, मग बाकीच्या गाड्या. तिच्यापुढे आबांच्या नावाची पाटी आहे: तोसोरच्या ओमुर यांची भेट. ती वाचून आई काय करेल, याचीच मला धास्ती.

दोघांना शनिवारी पाठव. माझ्यावरची माया जर्दाळूंच्या हिशेबाने कमी करू नकोस.

तुझा,
बोलोत


बिश्केक
१७ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
स. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. आबा उद्या दवाखान्यात दाखल होताहेत. आता नीट बसून वाच.

आई संग्रहालयात अशी शिरली, जणू कुणाच्या मयतीला आली आहे. पोबेदा पाहिली, व्होल्गा पाहिली, मॉस्कविचची अख्खी रांग पाहिली, तोंडातून अवाक्षर नाही. आबांना प्रत्येक गाडीपाशी काहीतरी बोलायचं असायचं आणि ते गिळून त्यांना ठसका लागायचा. माझी बायको एका पिवळ्या झापोरोझेत्सला गोड म्हणायला निघाली, तर मी तिला असा चिमटा काढला की रात्री मला जेवायला वाढलं नाही. काका आईपासून चार हात दूर राहून चालत होते.

उरलपाशी आई थांबली. पाटी वाचली. पाळण्याच्या पत्र्यावरचा जुना पोचा हाताने चाचपला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की काय देखणी मोटारसायकल आहे, अशी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

ताई, आबा बाकावर बसले. काकांनी क्षणभर डोळे मिटले, खिशातून चावी काढली आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरली. आईने ती घेतली. बराच वेळ मुठीत धरून ठेवली. मग काकांच्याच तळहातावर ठेवून म्हणाली की ही आता इथेच राहू द्या, पण या वेळी देणारी मी आहे.

काका ढसाढसा रडले. आई पाळण्यात जाऊन बसली आणि आबांना म्हणाली की बघत काय बसलात, चला. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. आबा हँडल धरून बसले आणि मी नि काकांनी अंगणात गाडी ढकलली. आई पूर्ण फेरीभर आबांना हळू चालवा म्हणून बजावत होती, आणि घाम आमचा निघत होता.

आबांसाठी दुआ माग. तुझा आशीर्वाद माझ्यापर्यंत मिनीबसपेक्षा लवकर पोचतो.

तुझा,
बोलोत


बिश्केक
२६ सप्टेंबर

चि. बुरुल हिला आईचे अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. आज त्यांनी सूप प्यायलं आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली, म्हणजे आता काळजी नको. मी झोपेतही ऐकते म्हणे. बोलोतने मला तुझं पत्र दाखवलं.

तुम्हा पोरांना वाटलं, मला गाडी गेल्याचा राग होता. गाडी काय, लोखंडच ते. त्या दिवशी मी चुलीपाशी त्याच पाहुण्यासाठी कणकेचे बोरसोक तळत होते, हाकेच्या अंतरावर. तुझ्या आबांनी एक हाक मारून विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, वर चावी पुसून दिली असती. विचारलंच नाही. ते मला लागलं होतं. हे त्यांना परवा सांगितलं. ते नुसते माझा हात धरून पडून राहिले.

आज मोठे डॉक्टर तपासायला आले. खुंटीवरची तुझ्या आबांची पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी पाहून म्हणाले की वा, अशी टोपी हल्ली कुठे मिळत नाही. तुझ्या आबांचा हात लगेच टोपीकडे गेला. आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, द्या.

पोरी, येताना तुझ्या आबांसाठी दुसरी टोपी घेऊन ये.

तुझी,
आई