चौथ्या फेरीपर्यंत

३ मार्च
तिसरी फेरी पास. नदीपलीकडच्या मोठ्या कंपनीच्या एचआर, लान बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. हांग्चौ शहरात पस्तिशीनंतर इंजिनिअरला कुणी विचारत नाही म्हणे. मी छत्तीस. विचारतायत.

४ मार्च
राजीनामा दिला. बायको, रुईशिन, म्हणत होती, "ऑफर हातात येऊ दे की!" तिला आमच्या क्षेत्रातलं काय कळतं? साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत विचार बदलला तर सांग." दया आली त्यांची.

६ मार्च, दुपारी
फान भेटला. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं, आता मोठ्या कंपनीत. नूडल्स खाताना म्हणाला, "दादा, रागावू नका. आमच्याकडे जागाच नाही. दर तिमाहीला ठरावीक मुलाखती दाखवल्या नाहीत तर टीमचं रेटिंग पडतं, म्हणून घेतात."
मग माझ्याच तीन-तीन फेऱ्या कशाला, विचारलं.
"दादा, एक माणूस तीनदा आला की तीन मुलाखती होतात. आणि तुम्ही कधी नाही म्हणत नाही. राजीनामा मागे घ्या."
जळतो माझ्यावर. बिल त्यालाच देऊ दिलं.

७ मार्च, शुक्रवार
साहेबांकडे गेलो नाही. ओळखपत्र जमा केलं.

१२ मार्च
चौथी फेरी. फळ्यापाशी उभं राहून पेमेंटची अख्खी सिस्टीम काढून दाखवली. समोरचा मुलगा सतत लॅपटॉपवर टाइप करत होता. माझे मुद्देच लिहीत असणार. मधेच हसलाही.

२६ मार्च
फोन नाही. मीही करणार नाही. घाई दिसली की पगार पाडतात. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू दिवसाढवळ्या घरी कसे? रुईशिन म्हणाली, "ते मोठ्या कंपनीत आहेत आई. कंपनीला अजून कळलेलं नाही, एवढंच."

३१ मार्च
जुन्या साहेबांना सहज मेसेज टाकला, सगळे कसे आहेत म्हणून. उत्तर: "मजेत. तुझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे."

२ एप्रिल
लान बाईंचा फोन! आधीची जागा रद्द झाली. पण नवी तिमाही सुरू झालीय, तेव्हा पुन्हा या म्हणाल्या. पहिल्या फेरीपासून. मुलाखत फान घेणार. मी लगेच हो म्हटलं.
रुईशिनला सांगितलं. मग फानचा मेसेज आला: "दादा, येणारच असाल तर लवकर आटपू. अकराला मीटिंग आहे."
लान बाईंनी मात्र फोनवर धीर दिला होता. म्हणाल्या, "तुम्हाला सगळं माहितीच आहे, फान सरांना काही त्रास होणार नाही."
सोमवारी, सकाळी दहाला.