परसातले तीन गुंठे

मी, मुंजाजी रामकिसन शिंगारे, वय ७१ वर्षे, निवृत्त कृषी सहायक, राहणार तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी नाडी आणि डोके दोन्ही जागेवर असल्याचा दाखला डॉ. सायली हात्ते यांनी दिला आहे. डोक्याबद्दल पत्नीचे मत वेगळे आहे, पण तिचा दाखला कायद्याला लागत नाही. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर उजवा हात कापतो, म्हणून मी सांगतो आहे आणि सून सौ. उज्ज्वला लिहिते आहे. खालील सर्व मिळकत माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी चंद्रभागाबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणी "जरा सरक" असेही म्हणायचे नाही. ठेवीचे काय करणार हे तिला विचारू नये. मी एकोणपन्नास वर्षे विचारून पाहिले, उपयोग झाला नाही. तिच्यानंतर घर मुलगा भागवत याचे.

२. उमापूर रस्त्यावरची दीड एकर जमीन भागवतला. त्याचे गेवराईला हार्डवेअरचे दुकान आहे आणि ते तो नेटाने चालवतो, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून येथे म्हणतो.

३. आता परसातले तीन गुंठे. घोडे येथेच अडले आहे. मागून नवा रस्ता गेल्यापासून भागवतला तिथे गाळे दिसतात आणि मला वांगी दिसतात. नजर दोघांचीही चांगली आहे.

ही परसबाग रागातून झाली. एकतीस वर्षे मी गावोगाव फिरून लोकांना शेती शिकवली. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलो, तर पाहुण्यांसमोर चंद्रभागाबाई म्हणाली, "लोकायच्या वावरात लई हिंडलात. सोताच्या घरी कोथमिरीची काडी न्हाई उगवली." मी चिडलो आणि भर ओसरीवर नेम बोललो: उद्यापासून स्वतःच्या हाताने लावलेलीच भाजी खाईन, दुसरीला शिवणार नाही. मेथीला तीन-चार आठवडे लागतात हे मी शेकडो लोकांना सांगितले होते, माझ्या पोटाला कोणी सांगितले नव्हते. पहिली मेथी जास्त पाण्याने कुजली. दुसरी उत्तरेश्वर गाडे यांच्या शेळीने खाल्ली. त्या काळात मी इतका ठेचा खाल्ला की आजही खलबत्ता दिसला की पोटात जळजळते.

४. कबुली. त्याच उपासमारीत मी शेजारी उत्तरेश्वरच्या परसातून पाच वांगी चोरली आणि ती माझीच म्हणून चंद्रभागाबाईकडून भरून घेतली. उत्तरेश्वर साक्षीदार म्हणून आत्ता समोरच बसला आहे. हे ऐकून तो म्हणाला, "पाच कावून सांगतो बे? नऊ वांगे गेलते. म्या खिडकीतून बघत व्हतो." मी विचारले, "मंग बोलला कावून न्हाई?" तर म्हणे, "माझ्या शेळीनं तुझी मेथी खाल्लीती ना." दुरुस्ती: वांगी नऊ. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात, त्यामुळे उत्तरेश्वरला काही दिलेले नाही. ही सोय मला आवडली.

५. खुरपी, झारी आणि फवारणीचा पंप ज्याला तीन गुंठे मिळतील त्याला. या बागेने मला काय दिले तेही लिहून ठेवतो. मी नऊला उठणारा माणूस होतो, उन्हात पाणी दिलेले रोप दोनदा मेल्यावर पाचला उठू लागलो. गुटख्याची सवय डॉक्टरांनी, देवाने आणि बायकोने सांगूनही सुटली नव्हती, पण चिखलाच्या हाताने पुडी फोडता येईना, तशी ती सुटत गेली. राग मात्र अजून आहे. पण वाफ्यावर ओरडून काही उगवत नाही एवढे कळले आहे.

६. झटका आल्यावर मी अडीच महिने खाटेवर होतो. बाग वाळली असेल म्हणून परसाच्या दाराकडे बघतही नव्हतो. एके दिवशी काठी टेकत गेलो, तर चुका, शेपू, गवार सगळे जागच्या जागी. उज्ज्वला रोज पहाटे, स्वयंपाकाच्या आधी पाणी देत होती. कोणी सांगितले नव्हते. तेवढे दिवस तिनेही बाजारची भाजी खाल्ली नाही. कारण विचारले तर म्हणाली, "तुमचा नेम मोडू नये म्हणून." आत्ता ती "मामा, हे वगळा" म्हणते आहे. वगळायचे नाही, लिही.

म्हणून हे तीन गुंठे मी सौ. उज्ज्वला भागवत शिंगारे हिला देतो, पुढील अटींवर: (अ) रोज दिवस उगवायच्या आत पाणी द्यावे. (आ) गाळे बांधू नयेत. (इ) घरात बाजारची भाजी

येथून पुढचे वेडेवाकडे अक्षर माझे आहे. उज्ज्वलाने पेन खाली ठेवला.

"मी न्हाई लिहिणार, मामा."

"जमीन नको?"

"हवी हाय. लई हवी हाय. माझ्या नावावर आजवर एक ताटलीसुदिक न्हाई. पण तुमचा नेम तुमाला कुणी लिहून दिलाता का? मी पाणी घातलं ते कुणाच्या अटीवर घातलं? उद्यापासून तुमच्या धाकानं उठावं लागंल. मंग त्यात माझं काय ऱ्हाईल?"

मला राग आला. मृत्युपत्रात शोभणार नाहीत अशी चार वाक्ये बोललो. चंद्रभागाबाई आतून म्हणाली, "खरं बोलली, तर टोचलं व्हय?" मी पाणी प्यालो. एकतीस वर्षे मी लोकांना काय करावे ते लिहून देत होतो. त्यातल्या किती जणांनी केले, ते मला ठाऊक आहे.

माझ्यानंतर तिथे काही उगवणार नाही, अशी मला भीती वाटते. ती भीती माझी आहे, पोरीच्या गळ्यात बांधायची नाही. अटी अ, आ, इ मी खोडतो. खाडाखोड मान्य. तीन गुंठे उज्ज्वलाचे, पूर्ण मालकीचे. तिने मेथी लावावी, गाळे बांधावेत, नाहीतर गवत वाढू द्यावे. भागवतने किंवा भिंतीवरच्या माझ्या फोटोने त्यात बोलू नये. भागवतला हे संध्याकाळी मीच सांगेन.

तलवाडा, दि. १६ नोव्हेंबर २०२५

(सही) मुंजाजी रामकिसन शिंगारे

आमच्या समक्ष सही केली:
१. (सही) उत्तरेश्वर गाडे, तलवाडा
२. (सही) डॉ. सायली हात्ते, गेवराई

लेखन: तिसऱ्या अटीपर्यंत मी लिहिले. पुढचे मामांनी आपल्या हाताने लिहिले. हात कापत होता, पण मी धरला नाही.
(सही) उज्ज्वला