तीन वाजताचं रीडिंग

सर, तुमची दगडांची टाकी आज नव्या प्रयोगशाळेत नेली आणि तिची नोंदवही मला माझ्या हाताने द्यावी लागली, म्हणून लिहिते आहे. सौरउष्णता साठवण्यावर आता आपल्या कॉलेजात मोठं काम सुरू होतंय. तिथल्या नव्या प्राध्यापक बाईंना आपली जुनी रीडिंग त्यांच्या यंत्रांशी ताडून पाहायची आहेत.

मी तुमची विद्यार्थिनी होते तेव्हाची थंडीतली दुपार आहे. गच्चीवरच्या काळ्या पत्र्याखाली तापलेली हवा पंखा खाली ओढतो, ती केळापूरच्या नाल्यातून आणलेल्या काळ्या गोट्यांमधून वाट काढत जाते. टाकीभोवती जिनिंग गिरणीतल्या टाकाऊ कापसाची जाड गोधडी, सगळ्या खोलीला सरकीचा वास. वरचं थर्मामीटर चढलं की मी लगेच टाकी भरली म्हणून लिहायला जायची आणि तुम्ही वही ओढून घ्यायचात. "वरचा गोटा तापला म्हणून खालचा तापला काय? मुरू दे ना बाई. घाई कायले करतं?" उष्णता मुरते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या दिवशी हवेच्या कोमट नळाला पाठ लावून बसले आणि तिचं मुरणं ऐकू येतंय असं वाटता वाटता माझा डोळा लागला. उठले तेव्हा चार वाजत आले होते, तीनचं रीडिंग हुकलं होतं. चारचं रीडिंग घेतलं, आणि दोन व चारच्या मधला आकडा तीनसमोर लिहून टाकला.

तुम्ही आलेख काढला. रेघ कुठेही अडखळली नाही. वर्गासमोर म्हणालात, "हिच्या रीडिंगले हात लावाचं काम नाही." त्या एका वाक्यावर मला ही प्रयोगशाळा सांभाळायला मिळाली. पुढे मनाचे आकडे लिहिणाऱ्या मुलांची पानं मी फाडत आले. राजूरहून येणारी एक मुलगी रडत म्हणाली होती, "मॅडम, एकच तं आकडा होता." एक पुरे होतो, असं मी तिला सुनावलं.

आज वही देण्याआधी त्या आकड्यावर लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'हे रीडिंग घेतलेलं नाही', आणि सही केली. बाईंनी वाचलं. इतक्या वर्षांनी कशाला, चाललं असतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, "नसतं चाललं."

सोपवलं ते असं: टाकी एक, गोट्यांसह. पंखा एक, बंद. थर्मामीटर तीन, पैकी मधलं फुटकं. नोंदवही एक, दुरुस्तीसह. तुम्ही काढलेला आलेख दिलेला नाही, तो माझ्याकडेच आहे. त्यांनी मागितला होता. सापडत नाही म्हणून सांगितलं.