शाडूच्या नाकाचं रॉकेट

१२ जाने., सोम.
रोह्याहून गाडी लेट. पेणला पोचेपर्यंत पहिला तास गेला. पण नववीच्या शनिवारच्या विज्ञान क्लबचं रॉकेट तयार! थंड पेयाची बाटली, पुठ्ठ्याचे पंख, आत थोडं पाणी, वर सायकलच्या पंपाने हवा. पाणी खाली सुटतं, बाटली वर जाते. गतीचा तिसरा नियम फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले, पोरांच्या डोक्यात शिरला नाही. पंप मारताना शिरेल, हा माझा हट्ट. रंगकाम मनालीचं. घरी गणपतीचा कारखाना, मग काय विचारता. रॉकेटला डोळेसुद्धा काढलेत.

१७ जाने., शनि.
पचका. जेमतेम छपराएवढं वर गेलं, कोलांटी खाल्ली आणि थेट मोठ्या सरांच्या अंगावर. ते वाकले म्हणून बरं. शर्ट मात्र चिंब. पोरं हसली, मीही हसले (नको होतं). सर म्हणाले, "मॅडम, अजून एकदा बघू. सरळ गेलं तर क्लब चालू, नायतर शनिवारी गणिताचा जादा तास घ्या."
मनाली रडली. "मी नाय आता हात लावत त्याला." सरांचा इतका राग आला की परतीच्या गाडीत नागोठणं गेलं तरी उतरला नाही.

१९, सोम.
बाटली हातात घेतली तर खालून जड. पंखांच्या आत शाडूची माती लिंपलेली! मनालीवर ओरडणारच होते.
"बाई, बूड जड नसलं तर मूर्ती पडते. आमच्यात पयलं हेच शिकवतात."
मूर्तीसाठी बरोबरच आहे की. तिने बसायचं असतं. उडायचं असलेल्याचं काय, हे मीच कधी सांगितलं नाही.
उद्या बॅडमिंटनचं फूल न्यायचं. लक्षात ठेव.

२०, मंगळ.
फूल कसंही फेका, बूच पुढे. का? वजन पुढे, पिसं मागे. तिरकं झालं की वारा पिसांना ढकलतो, तोंड परत सरळ. पोरं थोड्या वेळात कंटाळली. मनाली मधली सुट्टी संपेपर्यंत एकटीच फेकत होती. मग माझ्याजवळ येऊन, हळूच:
"म्हंजे माती नाकात पायजे होती."
मी मान डोलावली. इतकं बरं वाटलं.

३० जाने., शुक्र.
बुडातली माती काढली. नवं नाक तिनेच घडवलं. वाळताना एकदा तडकलं, पुन्हा केलं. कुणाला लागायला नको म्हणून वरून स्पंज. तोल राहतो तिथे दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे धरून फिरतंय! आधीचं आडवंतिडवं व्हायचं.
पण जमिनीवर ठेवलं की आडवं. तिचे बाबा घरी हसले म्हणे, "ही कसली गो मूर्ती? बसतच नाय."
"मग तू काय म्हणालीस?"
"बसायची नायच ती."

७ फेब्रु., शनि.
सर मैदानात आले ते छत्री उघडून. कडक ऊन, पण कारण सगळ्यांना ठाऊक. पोरं खुसखुसली, मी डोळे वटारले.
रॉकेट खटक्याच्या स्टँडवर उभं केलं. पंप मनालीने मारला. खटका ओढताना डोळे मिटले पोरीने (मीही).
उघडले तेव्हा रॉकेट नारळाच्या वर. सरळ. अगदी सरळ! पोरांचा असा गलका की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. मनाली उड्या मारत होती. सर मान वर करून बघत राहिले. दिसेना म्हणून छत्री मिटली, भिंतीला टेकवली.
खाली येताना रॉकेट शाळेच्या पत्र्यावर अडकलं. सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. घंटा झाली, आत गेले. छत्री तिथेच.
ती आता माझ्याकडे आहे. सोमवारी द्यायला जाईन, तेव्हा क्लबचं विचारीन.